सहा रविवार आणि एकशे दहा शब्द: आरोग्य-परिभाषेच्या एका मराठी वर्गाबद्दल

चौथ्या रविवारी आमच्या पाटोदा तालुक्यातल्या एका आशाताईने विचारलं, "मॅडम, लेकरू दगावलं कर्नाटकात, उसाच्या फडावर. गाव आमचं. मग ते कोणत्या हजारात धरायचं?"

शिकवणाऱ्या डॉक्टर बाई थांबल्या. फळ्यावर 'अर्भक मृत्यू दर' लिहिलेलं होतं, खाली 'एक हजार जिवंत जन्मांमागे'. त्या म्हणाल्या, "याचं नेमकं उत्तर मला आत्ता देता येत नाही. पुढच्या रविवारी देते." आणि पुढच्या रविवारी त्यांनी वर्गाची सुरुवातच त्या उत्तराने केली. मी एकतीस वर्षं सरकारी प्रशिक्षणं घेतली आणि दिली, पण "पुढच्या वेळी सांगते" म्हणून खरंच सांगणारं माणूस फार थोड्या वेळा भेटलं. उत्तर काय होतं ते पुढे येईलच.

आधी माझ्याबद्दल. १९८९ साली मी आरोग्यसेविका म्हणून उपकेंद्रावर रुजू झाले, पुढे आरोग्य सहायिका झाले आणि २०२० मध्ये निवृत्त झाले. सगळी नोकरी बीड जिल्ह्यातच झाली. आता गावातल्या आशाताई आणि अंगणवाडीताई शंका घेऊन घरी येतात. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या शंकांचं रूप बदललंय. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आता शाश्वत विकासाच्या नऊ संकल्पनांवर बेतायचा असतो. त्यात 'आरोग्यदायी गाव' येतं, 'बालस्नेही गाव' येतं, 'जलसमृद्ध गाव' येतं. ग्रामसभेत ग्रामसेवक हे शब्द वाचून दाखवतात, बायका ऐकतात आणि घरी जातात. कुणी विचारत नाही, कारण विचारायचं काय तेच कळत नाही. म्हणून एका संस्थेने 'जागतिक आरोग्य आणि शाश्वत विकास: महत्त्वाच्या संज्ञा' असा मराठी वर्ग काढल्याचं कळलं, तेव्हा मी स्वतःचं आणि आमच्या दोन आशाताईंचं नाव घातलं.

फी माणशी साडेसातशे रुपये. सहा रविवार, सकाळी दहा ते साडेबारा, मोबाईलवर. सोबत टपालाने एक चौसष्ट पानी पुस्तिका येते, तिच्यात एकशे दहा शब्द आणि त्यांचे अर्थ आहेत. वर्ग आणि पुस्तिका यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून दोन्हींबद्दल वेगवेगळं लिहिते.

वर्ग चांगला का वाटला, तर शब्दाच्या आधी वही येते. पहिल्याच दिवशी बाईंनी एका काल्पनिक गावाची जन्म-मृत्यूची नोंदवही पडद्यावर दाखवली. वर्षात चाळीस बाळंतपणं. एक मूल जन्मल्यावर एकदाच रडलं आणि दहा मिनिटांत गेलं. दुसरं पोटातच गेलेलं होतं. वहीत दोन्हींपुढे 'उपजत मृत्यू' लिहिलेलं, म्हणजे मेलेलंच जन्मलेलं. त्यांनी विचारलं, बरोबर आहे का? आमच्यातल्या निम्म्याजणी हो म्हणाल्या.

बरोबर नाही. जे लेकरू आईपासून वेगळं झाल्यावर श्वास घेतं, ज्याचं काळीज ठोकतं, ज्याची नाळ उडते किंवा जे हातपाय हलवतं, ते जिवंत जन्मलेलं. मग ते किती महिन्यांचं होतं आणि किती वेळ जगलं हे बघायचं नाही. त्याचा जन्मही नोंदवायचा आणि मृत्यूही. त्याला उपजत लिहिलं की अर्भक मृत्यूतून ते गळतं आणि जन्मांतूनही गळतं. आई मात्र नऊ महिने वागवून मोकळ्या हाताने घरी आलेली असते. हे ऐकताना मला माझ्या पहिल्या दोन-तीन वर्षांतल्या नोंदी आठवल्या. तेव्हा सासू किंवा दाई सांगेल ते आम्ही लिहीत होतो. "उपजतच होतं" म्हटलं की पुढे कुणी विचारत नसे. किती लेकरं अशी गळली असतील याचा विचार त्या रात्री बराच वेळ सुटला नाही.

मग अर्भक, नवजात, बाल हे तीन शब्द. एक वर्षाच्या आत, अठ्ठावीस दिवसांच्या आत, पाच वर्षांच्या आत. तिन्हींचा हिशोब हजार जिवंत जन्मांमागे. माता मृत्यूचा हिशोब मात्र एक लाख जिवंत जन्मांमागे, आणि त्यात गरोदरपणात किंवा गर्भ मोकळा झाल्यापासून बेचाळीस दिवसांच्या आत गेलेली बाई धरतात, मरणाचं कारण गरोदरपणाशी जोडलेलं असेल तर. रस्ता अपघातात गेलेली गरोदर बाई त्यात येत नाही. हजार आणि लाख यांची गल्लत मी बैठकांमध्ये मोठ्या अधिकाऱ्यांकडूनही ऐकलीय. बाईंनी त्यावर वीस मिनिटं घालवली, ती अजिबात वाया गेली नाहीत.

त्यांनी आकडेही दिले. निवडक गावं-वस्त्यांतले जन्म-मृत्यू मोजणाऱ्या सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीप्रमाणे २०१८-२० मध्ये महाराष्ट्राचं माता मृत्यू प्रमाण ३३ आणि देशाचं ९७. शाश्वत विकासाच्या तिसऱ्या उद्दिष्टात जगाने २०३० पर्यंत ७० च्या खाली यायचं ठरवलंय. म्हणजे महाराष्ट्र पोहोचलाच की! २०२० चा अर्भक मृत्यू दरही राज्याचा १६ आणि देशाचा २८. वर्गात समाधानाचं वातावरण झालं. तेवढ्यात बाईंनी पुढचा शब्द काढला, 'सरासरी', आणि त्याच्याखाली 'कोणीही मागे राहू नये'. हे वाक्य संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली १९३ देशांच्या संमतीने सतरा उद्दिष्टं आणि १६९ लक्ष्यं ठरवली, तेव्हा दिलेलं वचन आहे. पाटीभर आंब्यांचं सरासरी वजन चांगलं भरलं, तरी तळाला नासलेले आंबे असू शकतात. आणि आमच्याकडे पाटीच्या तळाला कोण आहे हे बीडच्या माणसाला शिकवावं लागत नाही.

त्यावरच आमच्या आशाताईचा प्रश्न आला होता. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाच्या, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराच्या, ट्रॅक्टरमध्ये बसून गावंच्या गावं उसाला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, खाडा केला तर दंड कापतात. सात महिन्यांची बाई मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरवर चढते. तिची नोंद माझ्या उपकेंद्रात, बाळंतपण सांगलीत नाहीतर बेळगावात. आशाताई बाळाला घरी भेटायला जाते ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, आणि बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही. फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, या दिवसांना कोण जाणार?

बाईंनी पाचव्या रविवारी आणलेलं उत्तर असं. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याप्रमाणे घटना जिथे घडली तिथे नोंद होते. म्हणजे कर्नाटकात गेलेल्या लेकराची नोंद कर्नाटकात. पण राज्याचा अर्भक मृत्यू दर ज्या नमुना नोंदणी पाहणीतून निघतो, ती माणसाचं नेहमीचं राहतं घर धरते. ते घर नमुन्यातल्या गावात असेल, तर लेकरू बाहेर गेलं तरी त्याच गावच्या खात्यात. दोन वह्या, दोन नियम. आणि फडाजवळच्या ग्रामपंचायतीत कुणी नोंदवलं नाही, इकडे कुणी विचारलं नाही, तर ते लेकरू कुठल्याच हजारात नाही. हे सांगून त्यांनी आशाताईला म्हटलं, "ताई, तुमच्या गावाला परत आल्यावर प्रत्येक कोयत्याला विचारा, जाताना पोटात होतं का, येताना कडेवर आहे का." आमच्या ताईने ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय. या वर्षी एप्रिलमध्ये टोळ्या परतल्या तेव्हा ती अकरा घरी गेली. दोन घरी उत्तर मिळालं नाही, बाया नुसत्या रडल्या. त्या दोन्ही नोंदी तिने सिस्टरकडे नेऊन दिल्या. माझ्या मते साडेसातशे रुपये तिथेच वसूल झाले.

आता पुस्तिका. कागद चांगला, बांधणी चांगली, टाइप मात्र बारीक. चाळिशी लागलेल्या बाईला चष्म्यानेही त्रास होतो. पण खरी तक्रार शब्दांची आहे.

सगळ्यात मोठी चूक 'निर्मूलन' या शब्दाची. इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत, 'एलिमिनेशन' आणि 'इरॅडिकेशन'. पुस्तिकेत दोन्हींपुढे 'निर्मूलन' छापलंय. हा दोष त्या संस्थेचा एकटीचा नाही, आपल्याकडे सरसकट असंच चालत आलंय. पण परिभाषा शिकवायला बसलेल्यांनी तरी हे वेगळं करायला हवं होतं. देवी हा रोग १९८० मध्ये जगातून गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं. आता देवीची लस कुणा लेकराला टोचत नाहीत, कारण रोगच उरला नाही. गुरांची बुळकांडी २०११ मध्ये तशीच संपली. याला 'उच्चाटन' म्हणावं. मुळासकट, जगभर, कायमचं. आजवर हे दोनच रोगांच्या बाबतीत झालंय. पोलिओचं तसं नाही, ते आपल्या भागापुरतं 'निर्मूलन' आहे. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला आणि २०१४ च्या मार्चमध्ये आपल्या दक्षिण-पूर्व आशिया भागाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. पण जगात विषाणू अजून आहे, म्हणून रविवारी बूथ लावून आपण अजून दोन थेंब पाजतो. नारू, म्हणजे पाण्यातून अंगात शिरणारा दोऱ्यासारखा जंत, तोही आपल्याकडून गेला. भारताला २००० साली नारूमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. लहानपणी आमच्या आळीतल्या एका म्हाताऱ्याच्या पोटरीतून पांढरा दोरा काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढताना मी पाहिलंय. ओढताना तुटला की पाय सुजायचा. औषध नव्हतं, लस नव्हती. बारवेत पायऱ्या उतरून पाणी भरणं बंद केलं, पाणी फडक्याने गाळलं, आणि तो गेला. आज माझ्या नातीला नारू हा शब्दच माहीत नाही. पण आफ्रिकेत तो थोडा शिल्लक आहे, म्हणून त्याचंही उच्चाटन झालेलं नाही.

आणि कुष्ठरोग? डिसेंबर २००५ मध्ये भारताने 'कुष्ठरोग निर्मूलन' साध्य केल्याचं जाहीर झालं. त्याचा अर्थ एवढाच की दहा हजार लोकांमागे रुग्णांचं प्रमाण एकाहून खाली आलं. 'सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून' निर्मूलन, असा तो पूर्ण शब्द आहे. मराठीत मागचा भाग गळून पडला, नुसतं 'निर्मूलन' उरलं आणि लोकांनी ते 'संपला' असं ऐकलं. त्यानंतर काही वर्षांनी एक बाई माझ्याकडे आली. पाठीवर बधिर चट्टा तीन वर्षांपासून होता, हाताची बोटं वाकायला लागली होती. मी विचारलं, आधी का नाही आलीस? म्हणाली, "तो रोग तर गेला ना बाई, मला वाटलं गजकर्ण हाय." औषध फुकट होतं, गावापासून सहा किलोमीटरवर होतं. बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. म्हणून मी या एका शब्दासाठी एवढी अडून बसते. मी संस्थेला पत्र लिहिलंय: एलिमिनेशनला 'निर्मूलन' ठेवा, इरॅडिकेशनला 'उच्चाटन' घाला, आणि कुष्ठरोगापुढे ते अर्धं वाक्य कधीही गाळू नका.

दुसरा शब्द 'शाश्वत'. पुस्तिकेतली व्याख्या अशी: भावी पिढ्यांच्या गरजा भागवण्याच्या क्षमतेस बाधा न आणता वर्तमान पिढीच्या गरजा भागवणारा विकास. व्याख्या बरोबरच आहे. ती १९८७ च्या ब्रुंटलंड आयोगाच्या अहवालातून आलीय. त्या आयोगाच्या अध्यक्ष ग्रो हार्लेम ब्रुंटलंड नॉर्वेच्या पंतप्रधान होत्या, मुळात डॉक्टर, आणि पुढे १९९८ ते २००३ जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुख. आरोग्य आणि शाश्वत विकास एकाच वर्गात का शिकवतात, हे या एका बाईच्या आयुष्यावरून कळतं. पुस्तिकेत तिचं नावही नाही, वर्गात बाईंनी सांगितलं म्हणून मला समजलं. पण 'शाश्वत' आमच्याकडे कीर्तनात ऐकतात. जे नाश पावत नाही ते शाश्वत. विकास अमर कसा असेल, असा प्रश्न गावातल्या म्हाताऱ्या माणसाला पडणारच. वर्गातल्या एका बचत गटाच्या ताई म्हणाल्या, "म्हणजे पुरवून खाणं." सगळा अर्थ त्या दोन शब्दांत आला. दुष्काळातही बियाण्याच्या कणगीला हात न लावणारी आजी प्रत्येकीच्या घरात होऊन गेलीय. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं हिवरे बाजार दरवर्षी पावसाचा ताळेबंद मांडून कोणतं पीक घ्यायचं ते ठरवतं. तेही पुरवून खाणंच. सरकारी कागदावर 'शाश्वत' राहू दे, पण पुस्तिकेत त्याच्यापुढे 'पुरवून वापरायचा' असं एकदा लिहा.

'विकलांगता-समायोजित आयुर्वर्षे' हा शब्द तर मी तीनदा वाचला. वर्गात त्याच गोष्टीला बाई 'हुकलेली निरोगी वर्षं' म्हणाल्या आणि गणित मांडलं. ऐंशीपर्यंत जगायची बाई चाळिशीत गेली, चाळीस वर्षं हुकली. दुसरी जगली, पण वीस वर्षं दुखण्यात काढली. त्या दुखण्याचा भार पाचातला एक धरला तर तिची चार वर्षं हुकली. दोन्हींची बेरीज केली की एखाद्या रोगाने गावाचं किती आयुष्य खाल्लं ते कळतं. जागतिक बँकेच्या १९९३ च्या अहवालापासून हे माप जगभर गेलं. मला त्याचं महत्त्व असं वाटलं की कंबरदुखी, अंग बाहेर येणं, मनाचं आजारपण, ज्यांनी माणूस मरत नाही म्हणून कुणी मोजत नाही, ती सगळी या हिशोबात येतात. आमच्या बायांचं निम्मं आयुष्य तिथेच जातं.

'आरोग्याचे सामाजिक निर्धारक' या धड्याला पुस्तिकेत परदेशातल्या एका शहराच्या दोन वस्त्यांचं उदाहरण आहे. वर्गात ते बाजूलाच राहिलं. कारण बीडच्या गर्भपिशव्यांचा विषय निघाला. २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. यात रोग कुठला? पाळीत खाडा होतो म्हणून दंड, फडावर न्हाणीघर नाही, पाणी नाही, अंगावरून जातं म्हणून खासगीत दाखवलं की "पिशवी काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल" ही भीती, आणि त्या ऑपरेशनसाठी पुन्हा उचल. कारणं पोटात नव्हती, मुकादमाच्या वहीत होती. एवढं कळलं की 'सामाजिक निर्धारक' हा शब्द पाठ करावा लागत नाही. त्या दिवशी वर्ग साडेबाराला संपला नाही, दीड वाजला. बाईंनी कुणाला थांबवलं नाही.

बाकीचे शब्द भराभर सांगते. 'सॅम' (तीव्र कुपोषण) आणि 'मॅम' (मध्यम कुपोषण) अंगणवाडीताईंना आधीच माहीत असतात. दंडघेराची पट्टी साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेली की लाल, साडेबाराच्या खाली पिवळी. तिथे नवीन काही मिळालं नाही. पण खुजेपणा आणि रोडपणा यांतला फरक, म्हणजे पहिला वर्षानुवर्षांच्या उपासमारीचा आणि दुसरा आत्ताच्या, हा फार छान समजावला. गोवराच्या लसीचं 'गावाचं कुंपण' आवडलं. शंभरातल्या पंच्याण्णवांना लस मिळाली की उरलेल्या पाचांभोवती कुंपण होतं. पुस्तिकेत तिथे 'कळप प्रतिकारशक्ती' आहे, तो शब्द काढून टाकावा. माणसांना कळप म्हणू नये. 'सार्वत्रिक आरोग्य संरक्षण' आणि 'खिशातून होणारा खर्च' हे धडे नीट झाले. 'समता' आणि 'समन्याय' (ज्याची गरज जास्त त्याला जास्त) यांच्यावर मात्र आणखी वेळ हवा होता. महाराष्ट्रात 'समता' हा शब्द फुले-आंबेडकरांच्या हातून आलेला आहे, त्यात न्याय आधीच आहे. त्याला नुसतं 'सगळ्यांना सारखं' एवढं छोटं करून टाकणं मला पटलं नाही.

वातावरण बदल शेवटच्या वीस मिनिटांत उरकला. मराठवाड्यात शिकवताना उष्माघात आणि दुष्काळ शेवटी ठेवणं योग्य नाही. त्याला एक पूर्ण रविवार द्या.

जामखेड आणि गडचिरोली दोन-तीन वाक्यांत आली, तिथेही घाई झाली. आमच्या शेजारच्या जामखेडला १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं आणि निरक्षर बायांना आरोग्यसेविका केलं. आल्मा-आटाच्या जागतिक आरोग्य परिषदेत 'प्राथमिक आरोग्य सेवा' हा शब्द जगाने डोक्यावर घेतला तो १९७८ साली, म्हणजे जामखेडचं काम सुरू झाल्यावर आठ वर्षांनी. अभय आणि राणी बंग यांच्या गडचिरोलीतल्या घरोघरच्या नवजात सेवेने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि आज देशभरातली आशाताई तेच काम करते. परिभाषा परदेशातून येते असं वर्गातल्या तरुण मुलींना वाटत राहिलं. काही शब्दांचं काम आधी आपल्या मातीत झालंय आणि नाव नंतर पडलंय, हे त्यांना सावकाश सांगायला हवं होतं.

सोयीबद्दल. रविवार सकाळ बायांना अवघड जाते. कपडे, पाणी, घरात माणसं. दुपारी तीनची वेळ बरी. आमच्याकडे रेंज जाते, म्हणून दर वेळी कुणाचा तरी वर्ग अर्धा बुडाला. ध्वनिमुद्रण मोबाईलमध्ये उतरवून घेता येत नाही, फक्त नेट चालू असताना ऐकता येतं. ते बदला. परीक्षा सोपी आहे, प्रमाणपत्र पंधरा दिवसांत आलं, नावं बिनचूक होती.

पाचपैकी वर्गाला साडेचार देते, पुस्तिकेला अडीच. आशाताई, गटप्रवर्तक, अंगणवाडीताई, ग्रामपंचायत सदस्य यांनी जरूर करावा. डॉक्टरांनीही करावा, पण बोलण्यापेक्षा ऐकायला बसावं. नोव्हेंबरमध्ये पुढची तुकडी आहे असं कळवलंय. तोवर टोळ्या गेलेल्या असतील. फडावरून मोबाईलवर बसता येईल का, असं आमच्या गावच्या एका ऊसतोड कामगार मुलीने विचारलंय. बारावी झालेली आहे, तिच्या पोटात पाचवा महिना आहे. तिची फी मी भरलीय, आणि वर्ग रात्री घ्या म्हणून संस्थेला कळवलंय.